सहा इंजेक्शनं, बारा हजार आणि एक ‘बघू’

या वेळी तीन पत्रं अशी आलीत की तिघांनी एकमेकांना फोन करून लिहिलीत की काय असं वाटावं. तिन्ही पुण्यातलीच. पहिलं खूप लांब होतं, थोडं कापलंय, भाषा मात्र त्यांचीच ठेवलीये.

प्रश्न: ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज. राहायला धायरीला. २०२१ ला मी सदाशिव पेठेत एका औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंगला होतो, आता तिथे नाही. एप्रिलमध्ये मिसेसला कोविड झाला, साधा तापच असेल म्हणून तीन दिवस घरीच काढले आणि मग एकदम ऑक्सिजन खाली, सीटी स्कॅनचा स्कोअर आला १८, कसाबसा एक बेड मिळाला तो पण एका छोट्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिली, सहा रेमडेसिविर आणा, पहिल्या दिवशी दोन आणि मग रोज एक, आमच्याकडे नाहीत तुम्ही बघा. सगळे नातेवाईक म्हणायला लागले तू तर औषधाच्याच दुकानात, तुला काय कमी. शेठना विचारलं तर ते म्हणाले अरे एकही हलवता येणार नाही, सगळा माल हॉस्पिटलच्या नावानं जातो, यादी वरून येते, मोजून घेतात. शेठ वाईट नव्हते ताई, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना पूर्ण पगार दिला त्यांनी. बाहेर एक जण वीस हजाराला एक सांगत होता, तेही खरं असेल की नुसतं पाणी कोण सांगणार. त्या रात्री हडपसरच्या एका हॉस्पिटलचा बॉक्स भरायचा होता, त्यातली सहा मी काढली आणि कॉम्प्युटरला ब्रेकेज टाकलं. पॅकिंगला एक पोरगा होता त्याच्या हातून फुटली असं झालं, शेठनी त्याला काढलं. मिसेस बारा दिवसांनी घरी आली, आज ठणठणीत आहे.

आता लिहायचं कारण म्हणजे मुलगी बारावीला आहे, सायकॉलॉजी घेतलंय. मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाली बाबा एक गोष्ट सांगते, युरोपात हाइन्झ नावाचा माणूस असतो, बायकोला कॅन्सर, औषध एकाच केमिस्टकडे, त्याला खर्च २०० डॉलर आणि मागतो २०००, हाइन्झ सगळीकडे हात पसरून १००० जमवतो, केमिस्ट ना कमी करतो ना उधार देतो, मग हाइन्झ दुकान फोडून औषध नेतो, तर बाबा त्यानं बरोबर केलं का? मी काही बोलायच्या आत मिसेस म्हणाली चोरी ती चोरीच, माझ्यासाठी कुणी असं आणलं असतं तर मी टोचूनच घेतलं नसतं. मी ताटावरून उठलो, ॲसिडिटी झालीये म्हणालो. चार रात्री झोप नाही. मी चुकलो का? आणि या दोघींना सांगू का?

उत्तर: दादा, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ सरळ तुमच्या बाजूनं होते. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याला अडखळले. ते कुठलं ते सांगते, पण आधी माझं ऐका, म्हणजे मी उंच बसून बोलतेय असं वाटायला नको.

त्याच एप्रिलमध्ये माझ्या मोठ्या भावाला बेड मिळत नव्हता. मी काय केलं, तर फोन केला. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका हॉस्पिटलात वरच्या जागेवर होती, तिला म्हटलं काहीतरी कर गं, आणि दोन तासांत बेड मिळाला. भावाच्या आधी किती जण ताटकळत होते हे मी विचारलं नाही, मुद्दामच नाही विचारलं. याला कुणी चोरी म्हणत नाही, याला ओळख म्हणतात, आणि आपल्या पुण्यात ओळख असणं हे तर भूषण, लग्नात लोक कौतुकानं सांगतात की त्या वेळी माझा एक फोन आणि काम झालं. तुमच्याकडे ओळख नव्हती, तुमच्या हातात बॉक्स होता. फरक एवढाच असेल तर तुम्हाला बोल लावायला मी कोण.

आता तुमच्या मुलीची गोष्ट. ती लॉरेन्स कोलबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वापरलेली, त्याचा प्रबंध १९५८ चा. त्यात केमिस्ट कसा ठेवलाय बघा, स्वतः औषध शोधलेला, दहापट भाव लावणारा, मरणाऱ्या बाईकडे बघून पण न विरघळणारा. म्हणजे चोरी कुणाची, तर अशा माणसाची की ज्याच्याबद्दल कुणालाच वाईट वाटू नये. एका पारड्यात जीव आणि दुसऱ्या पारड्यात नफा, मग तोल सोपाच आहे की. तुमचं तसं नाहीये. तुमचे शेठ नफेखोर नव्हते, बॉक्स त्यांचा पण नव्हता, तो हडपसरला ऑक्सिजन लावून पडलेल्या कुणाचा तरी होता. तुम्ही जीव विरुद्ध माल असं तोललंच नाही, तुम्ही आपला जीव विरुद्ध अनोळखी जीव असं तोललं, आणि आपला जड भरला. तो जड भरणारच, बायको आहे तुमची. पण चार रात्री जी झोप उडालीये ती यामुळे, शेठच्या सहा बाटल्यांमुळे नाही.

थोडा दिलासा देते, खोटा नाही. गोष्टीतसुद्धा मूळ वाक्य असं आहे की या औषधानं ती वाचेल असं डॉक्टरांना ‘वाटत होतं’. रेमडेसिविरचं तर त्याहून धूसर. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे तुमच्या त्या रात्रीच्या पाच महिने आधी, सांगितलं होतं की ॲडमिट पेशंटचा जीव यानं वाचतो असा पुरावा दिसत नाही. पुढे २०२२ मध्ये त्यांनी सल्ला बदलला, काही पेशंटना द्यायला हरकत नाही म्हणाले. म्हणजे काय, तर त्या सहा इंजेक्शनांनीच मिसेस वाचल्या असं छातीठोक सांगता येत नाही, आणि हडपसरचा जो कोण असेल तो तुमच्यामुळे गेला असंही नाही, कदाचित तोही आज ठणठणीत नातवंडं खेळवत असेल. तेव्हा मात्र अख्खं पुणे चिठ्ठी घेऊन पळत होतं, आणि बारामतीला रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकणारी टोळी त्याच एप्रिलात पकडली गेली, तेव्हा वीस हजारवाल्याचा तुम्हाला आलेला संशय काही वेडेपणा नव्हता.

तर चुकलो का म्हणाल तर इंजेक्शनं काढली या जागी मी तुम्हाला चूक म्हणायला धजत नाही. बरोबर होतं असंही म्हणणार नाही. मी तिथे असते तर बहुतेक मीही काढली असती आणि तुमच्यासारखीच जागी राहिले असते.

आता ते वाक्य. “पॅकिंगला एक पोरगा होता त्याच्या हातून फुटली असं झालं, शेठनी त्याला काढलं.” स्कोअर, बेड, शेठचा पगार, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि या पोराला एका ओळीत उरकलंत. “असं झालं” म्हणे! झालं नाही दादा, तुम्ही केलं. २०२१ च्या एप्रिलात, सगळं बंद असताना, एका पोराची नोकरी गेली, तीही हलगर्जीपणाचा शिक्का घेऊन, आणि सहा रेमडेसिविर फोडणाऱ्या पोराला त्या वेळी दुसऱ्या कुठल्या औषधाच्या दुकानात कोण उभं करणार होतं. मिसेसचा जीव वाचवायला सहा इंजेक्शनं लागत होती हे मला कळतं, पण त्या पोराची नोकरी तिच्या कुठल्या सलाईनमध्ये गेली? ती तुम्ही स्वतःला वाचवायला वापरलीत.

महाभारतात शांतिपर्वात दोन गोष्टी आहेत, दोन्ही चोरीच्याच. एक विश्वामित्राची. बारा वर्षं पाऊस नाही, भुकेनं जीव चाललाय, आणि हा एवढा मोठा ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो. चांडाळ जागाच असतो, विचारतो कोण रे तिकडे. यावर विश्वामित्र नाव सांगतो. लपत नाही, पळत नाही, आणि मग दोघांचा जो वाद होतो तो मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण चांडाळच त्याला परोपरीनं सांगतो की बाबा रे हे तुझ्या धर्मात बसत नाही, आणि हा म्हणतो जगलो तर धर्म करीन. याला आपल्याकडे आपद्धर्म म्हणतात, संकटातला वेगळा नियम. दुसरी शंख-लिखित या भावांची. लिखितानं भावाच्या आश्रमातली फळं न विचारता खाल्ली, शंख म्हणाला ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा मागून घे, आणि तो खरंच गेला, राजा माफ करायला तयार असताना यानं हट्टानं शिक्षा घेतली आणि हात तुटून परत आला. (पुढे ते हात परत येतात, पुराणात ती सोय असते.) एकानं जिवासाठी चोरी केली, दुसऱ्यानं नुसती फळं खाल्ली, पण दोघांनीही ती स्वतःच्याच नावावर ठेवली. तुम्ही ती ब्रेकेजच्या नावावर टाकलीत आणि तिथून ती त्या पोराच्या नावावर गेली.

म्हणून आता करायचं काय, तर पहिलं त्या पोराला शोधायचं. कठीण नाहीये हो, पेठेतल्या दुकानांमध्ये हमाल, टेम्पोवाले, डिलिव्हरीची पोरं सगळी एकमेकांना ओळखतात, चहाच्या टपरीवर दोन दिवस उभं राहिलात तरी पत्ता लागेल. त्याला भेटा, खरं सांगा. तो शिव्या देईल, द्यायलाच हव्यात, ऐकून घ्या. मग विचारा की तुझं काय नुकसान झालं, आणि तो जे सांगेल त्यातलं जमेल तेवढं हप्त्याहप्त्यानं का होईना भरून द्या.

शेठकडे जायच्या आधी मात्र एखाद्या वकिलाला गाठा. तुमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं, भारतीय दंड संहितेतलं. साधी चोरी कलम ३७९, तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि कोर्टानं दखल घ्यायची मुदतही तीन वर्षं, पण ती गुन्हा उघडकीला आल्यापासून मोजली जाऊ शकते. शिवाय नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३८१ लागतं, सात वर्षांपर्यंत, आणि त्याला अशी मुदत नाही. मोठं नुकसान टाळायला केलेल्या कृतीला थोडी सूट देणारं कलम ८१ पण आहे, पण ते गुन्हेगारी हेतू नसताना, आणि एकदा ब्रेकेजची नोंद टाकल्यावर तुमचा वकील ते कसं मांडणार मला तरी दिसत नाही. इटलीत २०१६ मध्ये वरच्या कोर्टानं भुकेपोटी चीज आणि सॉसेज उचललेल्या एका बेघर माणसाला सोडून दिलं होतं, चार युरोचा माल होता, पण तो इटलीतला निकाल, शिवाजीनगर कोर्टात त्याचा उपयोग नाही. तुम्हाला घाबरवत नाहीये, डोळे उघडे ठेवून जा एवढंच.

घरी सांगा, आधी मिसेसना, मुलीला नंतर. आणि सांगताना “तुझ्यासाठी केलं” हे दोन शब्द तोंडातून काढू नका. त्या म्हणाल्यात ना टोचून घेतलं नसतं, मग त्यांना विचारायला त्या शुद्धीवर होत्या का, तुम्ही विचारलंत का, हे सगळं त्या काढतील. रागावतील, कारण त्यांच्या जिवावर त्यांना न विचारता कर्ज काढल्यासारखं आहे हे. “मी केलं, मला भीती वाटत होती” असं सांगा. पोराचं पण सांगा, ते गाळून सांगणार असाल तर मग सांगूच नका.

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. आमच्याकडे नऊ वर्षं कामाला असलेल्या मावशींनी कपाटातले भिशीचे १२,००० रुपये घेतले. चौथ्या दिवशी स्वतःच रडत येऊन सांगितलं की मुलाला डेंग्यू होता, प्लेटलेट्स खूप कमी झाल्या, हॉस्पिटलनं डिपॉझिट भरल्याशिवाय घेणार नाही सांगितलं. मुलगा आता घरी आलाय. मिस्टर म्हणतात पोलिसात देऊ, सासूबाई म्हणतात कपाटाला हात लावलेलं माणूस परत घरात नको. मला काही सुचत नाही. एक सांगायचं राहिलं, त्या आठवड्यात तिने मला ॲडव्हान्स मागितला होता, मी “बघू” म्हटलं होतं, मला वाटलं नेहमीसारखं फ्रिजबिज घ्यायचा असेल.

उत्तर: राहिलं होतं ते लिहिलंत हे बरं केलंत, कारण सगळं तिथेच आहे. आपल्याकडे “बघू” म्हणजे नाही, हे तुम्हाला माहितीये, मावशींना तर नऊ वर्षांत पक्कं कळलंय. मागून बघितलं, मिळालं नाही, मग घेतलं, आणि चौथ्या दिवशी येऊन सांगितलं. पैसे कमी आहेत हे तुम्हाला तोवर कळलं तरी होतं का? तुमच्या पत्रावरून तर वाटत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर मिस्टरांना एवढं सांगा की १ जुलै २०२४ नंतर झालेल्या अशा चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लागतं, नोकरानं केलेली चोरी, सात वर्षांपर्यंत. बारा हजारांसाठी एका बाईला त्यात ढकलायचं का हे त्यांनी शांतपणे सांगावं, रागात नको. सासूबाईंचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, घरात दिवसभर त्या एकट्या असतात, विश्वास तुटला की भीती वाटते, त्यांना वेळ द्या, तोवर कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहू दे आणि मावशींना पण ते तोंडावर सांगा, पाठीमागे कुजबुज नको. पैसे पगारातून महिना हजार कापा. माफ करून टाकू असं तुमच्या मनात येईल, नका करू, त्या घेऊन बसल्यात ते फेडू द्या त्यांना.

आणि हे मावशींना शिकवा, तुम्हीही शिका, सोसायटीत पण सांगा. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना पूर्ण फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकातल्यांना निम्म्या दरात द्याव्या लागतात, हायकोर्टानं ठरवून दिलेली योजना आहे ती. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. इमर्जन्सी असेल तर डिपॉझिट न मागता आधी ॲडमिट करून घ्यायचं असाही त्यात नियम आहे. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगत नाही, “आयपीएफमधून करायचंय, सोशल वर्करला बोलवा” असं आपणच म्हणावं लागतं (आयपीएफ म्हणजे निर्धन पेशंटसाठीचा निधी), आणि शक्यतो मराठीत ठासून. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, दाखल्याला वेळ लागतो म्हणून तो आजार यायच्या आधीच काढून ठेवावा. ऐकलं नाही तर ढोले पाटील रोडला धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला वेगळं विचारायचं, कारण ही योजना आणि ती योजना या दोन गोष्टी आहेत आणि लोक नेहमी घोळ घालतात.

तुम्ही “बघू” म्हणायच्या ऐवजी “कशाला गं?” विचारलं असतंत तर यातलं निम्मं तरी तुम्ही फोनवर शोधून दिलं असतं. असो. दाखला काढायला या आठवड्यात मावशींबरोबर तुम्हीच जा.

प्रश्न: मॅम मी एफवाय बीए, वडगावला हॉस्टेलला. परीक्षेत हाइन्झवर प्रश्न येतोच. चोरी करावी लिहिलं की मार्क जास्त मिळतात की करू नये लिहिलं की? सीनियर वेगवेगळं सांगतात.

उत्तर: सीनियर लोकांचं काही ऐकू नकोस. करावी की करू नये याला कोलबर्गनं मार्कच ठेवले नव्हते, त्यानं शिकागोतल्या १०, १३ आणि १६ वर्षांच्या मुलांना असल्या गोष्टी सांगितल्या आणि ती ‘का’ म्हणतात ते टिपलं. “पकडला जाईल म्हणून करू नये” ही खालची पायरी, “कायदा मोडला तर समाज कसा चालेल” ही मधली, “जीव हा मालमत्तेपेक्षा वरचा, कायद्यात असो नसो” ही वरची, अशा सहा पायऱ्या त्यानं पाडल्या. म्हणजे चोर म्हणूनही वर जाता येतं आणि साव म्हणूनही खाली राहता येतं. सगळे मुलगेच घेतले होते हे लक्षात ठेव, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावरच आहे.

कॅरोल गिलिगन, कोलबर्गबरोबरच काम केलेली, हिनं १९८२ मध्ये त्याला धरलं. तिच्या पुस्तकात ११ वर्षांची एक मुलगी आहे, ती चोरी कर पण म्हणत नाही आणि नको कर पण म्हणत नाही. ती म्हणते चोरी करून हा जेलमध्ये गेला आणि बायको परत आजारी पडली तर, त्यापेक्षा केमिस्टशी नीट बोलावं, पैसे उभे करायचा काही दुसरा मार्ग काढावा. कोलबर्गच्या पट्टीनं मोजलं तर ही पोरगी खालच्या पायरीवर बसते, कारण तिनं प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही असं दिसतं. गिलिगन म्हणते तिनं वेगळाच प्रश्न ऐकला, करावं की नाही हा नाही, तर कसं करावं हा.

पाच मार्काला एवढं पुरे. दहाला असेल तर वरची दोन पत्रं परत वाच आणि स्वतःचं उदाहरण घाल, धायरीच्या काकांचं किंवा कोथरूडच्या मावशींचं ढापू नकोस.